कालचं वजन

मी ज्या खोलीत भाड्याने राहायचो तिथे सकाळी झोपायची सोय नव्हती. बाकी सगळ्या सोयी होत्या. पाणी दोन्ही वेळेला यायचं, खिडकी हवेशीर होती, पंचवटीचा भाजीबाजार हाकेच्या अंतरावर होता. फक्त सकाळी झोपायचं नाही. आणि मला नेमकं सकाळीच झोपायचं असायचं, कारण त्या वर्षांत मी सातपूरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला जो चिकटलो होतो तो सुटायची चिन्हं नव्हती. कंपनीची बस पंचवटी कारंजावर सोडायची. तिथून पाय ओढत घरी यायचं, जिन्याची पहिली पायरी चढायची, की खालच्या खोलीतून हाक यायची.

"विंचूर, आलास का? हात धू आणि ये. पंखा बंद केलाय."

विंचूर हे माझं नाव नाही. मी विंचूरचा, एवढंच. घरमालकांनी पहिल्या दिवशी गाव विचारलं, नाव विचारायचं राहून गेलं, आणि ते राहूनच गेलं. त्यांना सगळा बोळ अण्णा म्हणायचा, तसं मीही म्हणायचो. सराफ बाजारात दुसऱ्याच्या पेढीवर बसून जन्मभर दागिने घडवलेला हा माणूस. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर बाजारातली बैठक सुटली, पण घरच्या पुढच्या खोलीत शेगडी, ऐरण, फुंकणी आणि काटा अजून जागच्या जागी होते. काटा म्हणजे तराजू. त्यांच्यासमोर कोणी तराजू म्हटलं तर ते म्हणायचे, "तराजू बाहेर बाजारात. कांदे मोजायला."

मी कांद्याच्या गावचा, त्यामुळे हे मला उद्देशून असायचं.

पंखा बंद केलाय याचा अर्थ पोपटाचं वजन करायचं आहे. पंख्याच्या वाऱ्याने पारडी हलतात. म्हणून पंखा बंद, खिडकी लावलेली, दार लोटलेलं, आणि त्या कोंदट खोलीत अण्णा मांडी घालून बसलेले. समोर खुंटीला टांगलेला पितळी काटा. एका पारड्यात पोपट बसवायचा, दुसऱ्या पारड्यात कालचं वजन. हे कालचं वजन म्हणजे त्यांचं खास. पोपटाचं वजन त्यांनी कधी कुठे लिहून ठेवलं नाही. आजची वजनं पारड्यातून काढायचीच नाहीत. काटा हळूच उतरवून खाली ठेवायचा, त्या पारड्यावर वाटी उपडी घालायची, आणि उद्या सकाळी त्याच वजनांसमोर पोपट बसवायचा. पोपटाचं पारडं खाली गेलं तर जीव चढला. वर गेलं तर उतरला. मग तेवढ्या गुंजा, म्हणजे सोनाराच्या वजनाच्या लाल बिया, घालायच्या किंवा काढायच्या.

"लिहिलं की माणूस आकड्याकडे बघतो," ते म्हणायचे. "पाखराकडे बघत नाही."

पोपट हलू नये म्हणून त्याला मलमलच्या फडक्यात सैलसर गुंडाळायचे. फडक्याचं वजन पोपटाच्या नावावर चढू नये म्हणून तसंच दुसरं फडकं, धाग्याला धागा मोजून कापल्यासारखं, पलीकडच्या पारड्यात घालायचे. हे सगळं पोपटाने सकाळी काही खाण्याआधी. आणि काटा स्थिर व्हायला लागला की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "श्वास धर."

रात्रभर मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला श्वास धरायला सांगणं म्हणजे काय ते ज्याने रात्रपाळी केली आहे त्यालाच कळेल. एकदा मी श्वास धरल्या धरल्या उभ्याने पेंगलो आणि पुढे झुकलो. अण्णांनी त्या दिवशीचं वजन बाद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी का लागायचो, हा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारला होता. घरात काकू होत्या. उभ्या राहू शकत होत्या, श्वासही धरू शकत होत्या. पण अण्णांचा धंद्यातला नियम असा की परक्या डोळ्यांसमोर केलेलं वजन तेवढं खरं. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकासमोरच माल जोखला होता.

"मग काकू बघतील ना."

"ती घरची," अण्णा म्हणाले. "घरचं माणूस साक्षीला चालत नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या आणि कप माझ्यापुढे ठेवून आत गेल्या.

हा पोपट काही हौसेने आणलेला नव्हता. काकूंचं माहेर सायखेड्याचं. त्यांचा भाऊ एका सकाळी द्राक्षाची रिकामी पेटी घेऊन आला. पेटीत गवत, आणि गवतात एक उघडं, मोठ्या डोक्याचं, त्याहून मोठ्या चोचीचं पिल्लू. अंगावर पिसांपेक्षा कातडंच जास्त.

"ताई, नदीकाठचं चिचंचं झाड पाडलं ना, त्याच्या ढोलीत व्हती दोन. एक मेलं. हे लय वरडतंय, जगंल असं वाटलं," तो म्हणाला. "शेतावर कोन बघनार याला? म्हटलं दाजींना दुसरं काम नाय."

दाजींना हे लागलं असणार. त्यांनी पिल्लू उचललं, तळहातावर खालीवर केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाच तोळे. थोडं कमीच." मग काट्यावर घातलं. पाच तोळ्याला तीन गुंजा कमी. त्या क्षणापासून ते पिल्लू अण्णांचं झालं. काकू त्याला पिल्या म्हणायच्या. अण्णा माल म्हणायचे. "माल आज चार गुंजा चढला," असं ते बोळात कोणालाही सांगायचे, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना वाटायचं म्हाताऱ्याने पुन्हा सोन्याचा धंदा सुरू केला.

त्यांचा तोळाही जुना होता, आठ गुंजांचा एक मासा आणि अशा बारा माशांचा. बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणू लागल्याला जमाना झाला होता, पण अण्णांच्या लेखी तो तोळा नव्हताच. "सरकारने तोळ्याची घट केली," म्हणायचे.

घट हा त्यांचा आवडता शब्द. दागिना घडवताना कानस लागते, आच लागते, थोडं सोनं उडून जातं, ती घट. सोनार ती आधीच धरून चालतो. अण्णा सगळ्याच गोष्टींत धरून चालायचे. चहा कपात थोडा कमी आला की घट. ओळखीचं कोणी वारलं की, "आमच्या बैठकीत एक घट आली." मी गावाहून आणलेल्या शेवेच्या पुडीत जिन्यावर मी हात घातलेला असला तर पुडी तळहातावर तोलून, "विंचूर, घट बरीच आलीय रे." एवढं बोलायचे आणि खायला लागायचे.

घर झाडायचं कामही तेच करायचे. पुढच्या खोलीत इतर कोणाला केरसुणी लावू द्यायचे नाहीत. सोनाराच्या बैठकीतल्या धुळीत सोन्याचा कण असतो आणि ती धूळ विकत घेऊन धुणारे लोक असतात, त्यामुळे ही सवय. त्या खोलीत सोनं आता क्वचितच यायचं, पण धूळ ते अजून डब्यात भरून ठेवायचे. पोपट आल्यावर धुळीत पिसांचा कोंडा आला. तोही डब्यात गेला.

त्यांना एका गोष्टीचा मात्र खरा गर्व होता आणि तो रास्त होता. त्यांचा सांधा दिसायचा नाही. सोनं कापून पुन्हा जोडलं तर कुठे जोडलं हे भिंगाखालीही कळायचं नाही. काकूंच्या हातातल्या पाटल्या त्यांनीच लग्नात घडवलेल्या. मी तिथे राहत असताना काकूंनी त्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्याचं मला चांगलं आठवतं.

"ढिल्या होतात हो. भांडी घासताना कोपरापर्यंत जातात."

"वापरून पाटली फाकते," अण्णा म्हणाले. "सोनं मऊ. त्याला काय करणार?"

त्यांनी दोन्ही पाटल्यांतून एकेक बारीक तुकडा कापला, टोकं जुळवली, फुंकणीने आच दिली, घासलं, उजळलं, आणि मला हाक मारली. "सांधा दाखव." मला सापडला नाही. खरंच नाही सापडला. ते तुकडे त्यांनी गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून पेटीत ठेवले, आणि काकू पाटल्या घालून भाकऱ्या थापायला गेल्या. नंतर पुन्हा एकदा हेच झालं. आणि मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी मला हाक, आणि प्रत्येक वेळी सांधा सापडला नाही.

पिल्या साडेआठ तोळ्यांवर गेला तेव्हा त्याला पिसं आली होती, शेपूट फुटली होती, आणि तो घरात चालायला लागला होता. पिंजरा होता, पण त्याचं दार कधी लावलं नाही. काकूंच्या मागे मागे फिरायचा. दुपारी अण्णांचं जेवण उरकून ते पुढच्या खोलीत आडवे झाले की काकू आपलं ताट वाढून घ्यायच्या, आणि हा ताटाच्या कडेवर चढून बसायचा. त्यांच्याच ताटातला भात, वरण, भाकरीचा मऊ पदर. अण्णांनी त्याच्यासाठी खास भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटीत तशीच राहायची. अण्णांना हे थोडं लागायचं, पण वजन चढत होतं, म्हणून ते चालवून घ्यायचे.

मग एका सकाळी पोपटाचं पारडं वर गेलं.

"श्वास सोडलास," अण्णा मला म्हणाले. मी सोडला नव्हता. पुन्हा केलं. दोन मासे कमी. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. तिथून माझ्या झोपेचं जे वाटोळं झालं ते विचारू नका. पोपट उतरतोय म्हटल्यावर कारण शोधणं आलं, आणि कारण शोधायला सकाळी सातलाच बसायचं. पहिलं कारण मी निघालो. माझ्या अंगाला मशीनच्या ऑइलचा वास येतो, तो पाखराला बाधतो. म्हणून आधी वर जाऊन आंघोळ, मग खाली वजन. मग शेजारची मांजर. मग नळाचं पाणी. समुद्रफेन उगाळून झाला, पेटीत बल्ब लावून ऊब देऊन झाली, पेरू कापून झाले. पोपटाची विष्ठा वर्तमानपत्रावर घेऊन अण्णा भिंगातून बघायचे आणि मलाही बघायला लावायचे. आयुष्यात काय काय बघायचं राहिलं होतं असा मी विचार करायचो आणि बघायचो. हिरवी होती. बाकी मला काही कळायचं नाही.

"अण्णा, पाखरू आहे. होतं असं," मी एकदा वैतागून म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या जाड काचांमागे डोळे ओले होते. हा माणूस रोज सकाळी वाटी उचलायच्या आधी घाबरतोय हे मला त्या दिवशी कळलं. कालचं वजन तिथे बसलेलं असायचं, आणि आज त्याच्यासमोर काय ठेवायला मिळणार हे त्यांना बघवत नव्हतं. तेव्हापासून मी कुरकुर बंद केली. झोप मात्र यायचीच.

सात तोळ्यांच्या खाली वजन आलं तेव्हा आम्ही पिल्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. माझी त्या दिवशी सुट्टी होती, म्हणजे झोपायचा दिवस होता. रांगेत दोन गाई, एक लंगडी शेळी, आणि आम्ही. डॉक्टर तरुण होता, पण सकाळपासून उभा राहून पार थकलेला.

"पोपट पाळायला बंदी आहे, माहिती आहे ना?" तो म्हणाला.

"आम्ही नाही पाळला," अण्णा म्हणाले. "तो आलाय."

डॉक्टरला वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याने पिल्याची छाती बोटांनी चाचपली. "हाड बघा कसं धारेसारखं लागतंय. मांसच नाही. पण आजार काही दिसत नाही. डोळे चांगले आहेत, श्वास चांगला आहे. उपाशी आहे हा."

"उपाशी?" अण्णांचा आवाज चढला. "डाळ भिजवतो, पेरू देतो, मी स्वतः..."

"देता, पण खातो का? कोणाच्या हातचं खातो?"

"हिच्या ताटात खातो. आमच्या मंडळींच्या."

"हां. मग असंय, पिल्लं मोठ्याचं बघून खातात. ज्याला हा आई समजतो त्याने घास घेतला तर हा घेणार. काकू बरोबर जेवतात ना?"

"जेवते की. माझ्या नंतर."

"काय जेवतात?"

अण्णांनी टोपली जवळ ओढली. मग म्हणाले, "असेल ते जेवते."

"तुम्ही बघितलंय?"

डॉक्टरने हे काही मुद्दाम विचारलं नव्हतं. मागे शेळीवाला पुढे सरकत होता आणि त्याला आम्हाला वाटेला लावायचं होतं. "आज घरी जाऊन त्यांचं ताट बघा," एवढं बोलून त्याने शेळीचा पाय हातात घेतला.

घरी आल्यावर अण्णा नेहमीसारखे जेवले. काकूंनी वाढलं, ते उठले, हात धुतले, आणि पुढच्या खोलीत आडवे व्हायला जायच्या ऐवजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. मला म्हणाले, "तूही बस. एकट्याच्या डोळ्यांचं खरं नसतं."

त्यांच्या लग्नाला किती वर्षं झाली होती मला ठाऊक नाही, पण बायको जेवताना बघण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती. तसं आमच्याकडेही होतं. घरातले पुरुष जेवून उठायचे, आणि मागे आयाबहिणी काय जेवतात हे कोणी बघायला बसत नसे.

"हे काय, इथे का बसलात?" काकू अवघडल्या. "जा बरं तिकडे."

"तू जेव."

त्यांनी चतकोर भाकरी घेतली, वर चमचाभर वरण. पिल्या ताटाच्या कडेवर चढला. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बोटांत नुसता फिरवत राहिल्या. पिल्याने मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी तुकडा त्याच्यापुढे धरला. तो तुकड्याकडे बघेना. त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिला. मग काकूंनी ताट बाजूला सारलं आणि त्यावर दुसरं ताट झाकलं. गाईला घालायला.

"अगं, हे काय जेवण?" अण्णा म्हणाले.

"भूकच नसते हो. घास घशाखाली उतरत नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. हिवाळ्यापासून असेल."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की." काकू चिडल्या नाहीत. त्यांच्या आवाजात चिडायची ताकदच नव्हती. "पाटल्या ढिल्या होतात म्हणून सांगितलं. तीनदा सांगितलं."

अण्णा उंबऱ्यावरून उठले, काकूंजवळ गेले आणि त्यांनी काकूंचा हात धरला. त्यांनी तो मनगटावर चाचपला, डॉक्टरने पिल्याची छाती चाचपली होती तसा. तीनदा कापून लहान केलेली पाटली त्या मनगटावरून सहज कोपरापर्यंत गेली. अण्णा ती वर नेत होते, खाली आणत होते.

पोटाचा टीबी निघाला. आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं असं मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. आताही भरवसा देत नव्हते. औषधं लांबलचक, आणि औषधांनी भूक आणखीच मरते. "औषध आम्ही देऊ, पण अन्न पोटात गेलं पाहिजे, नाहीतर औषधाचा उपयोग नाही," असं त्यांनी अण्णांना बजावून सांगितलं. काकूंना घरी आणलं तेव्हा रिक्षातून त्यांना अण्णांनी आणि मी अलगद उचललं. अण्णांनी सवयीने डोळे मिटले, आणि लगेच उघडले. वजन बोलले नाहीत. तळहाताने गुंजेचा फरक ओळखणारा माणूस, त्याला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही.

आता गोष्ट अशी, की काकू खोटं बोलायच्या. वाईट मनाने नाही. अण्णा विचारायचे, "जेवलीस?" त्या म्हणायच्या, "जेवले हो." आणि ताट गाईला. अण्णा समोर बसले की त्या आणखी अवघडायच्या आणि मग तर घास उतरायचाच नाही. जन्माची सवय, नवऱ्यासमोर बसून जेवायचं नाही. त्यांना बाहेर घालवल्याशिवाय त्या ताटाला हात लावेनात.

तेव्हा अण्णांनी काय करावं? त्यांनी काटा दुपारीही टांगायला सुरुवात केली.

जेवणाआधी पिल्याचं वजन. मग पिल्या काकूंच्या ताटावर, आणि अण्णा बाहेर ओट्यावर. जेवण झालं की पुन्हा पिल्याचं वजन. काकूंनी घास घेतला असेल तर पिल्याने घेतला असणार, आणि पिल्याने घेतला असेल तर पारडं सांगणार. पारडं हललं नाही की अण्णा बोलायचे नाहीत, रागवायचे नाहीत. नुसतं ताट पुन्हा वाढून आणायचे. साक्षीला अर्थातच मी. सकाळी होतोच, आता दुपारीही. माझी त्या वर्षातली झोप कुठे गेली कोणी विचारलं तर मी सांगेन, पोपटाच्या पारड्यात गेली.

काकूंनी एकदा युक्ती केली. तोंडात काही न घालता नुसतं चावल्यासारखं केलं, पिल्या फसेल म्हणून. पिल्याने थोडा वेळ बघितलं, मग त्यांच्या खांद्यावर चढला, चोच त्यांच्या ओठांना लावली आणि तोंडात डोकावून बघितलं. काकू हसता हसता रडायला लागल्या.

"मेल्या, तूसुद्धा त्यांच्यातलाच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खरा घास घेतला. मी दारात उभा होतो. पिल्यानेही घेतला.

असे ते दिवस गेले. उड्या मारत नाही गेले, रखडत गेले. चार गुंजा चढायच्या, दोन उतरायच्या. काकूंना उलट्या व्हायच्या, दोन दिवस फुकट जायचे. अण्णा त्या दिवशी काटा टांगायचे, काढायचे, पुन्हा टांगायचे. घट हा शब्द त्यांनी त्या काळात एकदाही उच्चारला नाही. मी गावाहून शेव आणली, अर्धी पुडी रस्त्यात संपवली, तरी नाही.

त्या पाटल्या काकूंनी दवाखान्यात जाताना काढून ठेवल्या होत्या. दिवाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, रिकाम्या हाताने दिवे कसे लावू, द्या इकडे. मी रात्रपाळीहून येऊन अंगणात चपला काढत होतो. आतून अण्णांचा ओरडा आला. मला वाटलं संपलं सगळं.

"चढत नाही!" अण्णा ओरडत होते. "विंचूर, लवकर ये! चढत नाही!"

मी आत धावलो. काकू पाटावर बसलेल्या, हाताला साबणाचा फेस, आणि पाटली अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकलेली. अण्णा ती ढकलत होते, पाटली जात नव्हती, आणि दर वेळी ती अडली की त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "बघ, बघ. तूच ढकल. तू परका आहेस, तू ढकल." मी ढकलली. नाही गेली. जन्मभर मापात दागिने करणारा माणूस आपल्या हातचा दागिना बसत नाही म्हणून असा नाचेल हे कोणाला सांगून पटायचं नाही. मग ते भिंतीला टेकून बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. काकू म्हणाल्या, "अहो, सणासुदीचं काय हे," आणि त्याही रडल्या. मलाही आवरलं नाही. आम्ही तिघंही फार थकलो होतो.

त्याच दिवशी अण्णांनी गुलाबी पुडी काढली आणि ते कापलेले तुकडे पाटल्यांत पुन्हा बसवले. झाल्यावर मला हाक आली. मी भिंग घ्यायला हात पुढे केला.

"भिंग कशाला?" ते म्हणाले.

सांधे दिसत होते. दोन्ही पाटल्यांवर, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना, जाड, ओबडधोबड, एखाद्या शिकाऊ माणसाने जोडल्यासारखे. मला आधी वाटलं अण्णांना डोळ्यांनी दगा दिला.

"घासून काढू का उद्या?" मी विचारलं.

"राहू दे. मुद्दाम ठेवलेत. हिच्या हाताकडे बघायचं लक्षात राहील."

पिल्या दहा तोळे भरला आणि उडून गेला. पिंजऱ्याचं दार उघडंच असायचं, घराचंही. घाटावरच्या पिंपळावर पोपटांचे थवे उतरायचे, त्यांच्यात एका सकाळी गेला. काकू दिवसभर ओट्यावर बसून होत्या. अण्णांनी काटा उतरवला, कालचं वजन पारड्यातून काढून डबीत ठेवलं आणि डबी बंद केली. "पुरता भरला होता," एवढंच म्हणाले. पुढे मला दिवसपाळी मिळाली, लग्न झालं, मी सिडकोत घर घेतलं. झोप मिळायला लागली. खोटं कशाला सांगू, त्या सकाळची हाक ऐकू येत नाही म्हणून पहिले काही महिने मला झोप लागली नाही.

पुढचा सिंहस्थ कुंभमेळा होऊन गेल्यावर एकदा पंचवटीत कामाला गेलो होतो, तर दुपारी अण्णांकडे डोकावलो. दार नेहमीसारखं उघडं. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. शेगडी, ऐरण, खुंटीला टांगलेला काटा. आतून भांड्यांचा आवाज आला म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलो.

दोघं समोरासमोर जेवायला बसली होती. दोन ताटं, मधे भाकऱ्यांची टोपली. काकू बऱ्याच भरल्या होत्या, पाटल्या मनगटात रुतल्या होत्या आणि ते जाड सांधे लांबूनही दिसत होते. अण्णा आता अगदीच वाळले होते. त्यांच्या ताटात सगळं वाढलेलं होतं, पण हात गुडघ्यावर होता. मान जराशी वाकडी करून ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

"ये रे, विंचूर," काकू म्हणाल्या. "बस. यांचं हे रोजचं झालंय. मी घास घेतल्याशिवाय हे ताटाला हात लावत नाहीत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. त्यांनी तो चावून गिळला. मग अण्णांनी आपला पहिला घास घेतला.